बाई, तुम्ही कमी पडला नव्हतात

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे, म्हणून लिहायला बसले.

शाळेत तुम्ही आम्हाला खेळ शिकवायच्या आणि मी तुमच्या तासाला पोटात दुखतंय सांगून बाकावर बसून राहायची. सातवीत एकदा तुम्ही माझ्यासमोर येऊन उभ्या राहिलात. "हाडाला काम दिलं नाहीस तर ते कशाला मजबूत होईल?" एवढंच म्हणालात आणि सगळ्या वर्गासमोर मला दोरीवरच्या उड्या मारायला लावलंत. फार राग आला होता मला. पण वर्ष संपेपर्यंत मी न थांबता शंभर उड्या मारायला लागले, आणि एके दिवशी दप्तर उघडलं तर आत नवी कोरी दोरी. तुम्ही त्याबद्दल कधी बोलला नाहीत, मीही विचारलं नाही.

मग एकदम कात्रपमधलं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. मी तेव्हा एमएस्सी करतेय, तुम्ही रिटायर झालाय. तुम्ही तव्यावर आंबोळी घालताय आणि मला फ्रिजवरचं पाकीट काढायला सांगताय. आत हाडांच्या तपासणीचा रिपोर्ट. हाडं बरीच ठिसूळ झाली होती. डॉक्टरांनी विचारलं होतं, आजी, काही चालता-फिरता की नुसत्या बसून असता? ते तुम्हाला लागलं होतं. चौथा मजला, लिफ्ट नाही, रोज सकाळ-संध्याकाळ तुम्ही मुद्दाम जिना चढायच्या, तेही दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या घेऊन. आंबोळी उलटायची थांबून तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "मी कुठे कमी पडले गं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. तसं सांगायला हवं होतं. पण तुम्ही मला विचारत होता, मी सांगेन ते ऐकणार होता, आणि त्याची मला मजा वाटली. मी रिपोर्ट गंभीरपणे वाचल्यासारखं केलं आणि म्हणाले, "बाई, भार थोडा वाढवा. हाडाला अजून जोर पडला पाहिजे." तुम्ही लगेच मान हलवलीत. दोन महिन्यांनी पाण्याचा भरलेला कॅन घेऊन जिना चढताना तुमच्या पाठीचा मणका खचला. त्यानंतर तुम्ही अंथरुणातून उठलाच नाहीत.

आता मी आनंदनगरच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे म्हातारे उंदीर आहेत. उंदराला भूल द्यायची, त्याची तंगडी एका छोट्या यंत्रात धरायची आणि नडगीवर मोजून दाब द्यायचा. तरुण उंदराच्या नडगीवर काही दिवसांत नवं हाड धरतं. म्हाताऱ्याला तेवढाच दाब द्या, जवळपास काहीच होत नाही. कारण हाडाच्या आत ज्या पेशींना भार कळतो, त्यांतल्या काही वयाबरोबर थकतात. त्या काम करत नाहीत आणि मरतही नाहीत. तिथेच राहतात आणि असं काही सोडत राहतात की आसपासच्या चांगल्या पेशीही मंद होतात. तुम्ही रोज चार मजल्यांचा भार देत होता, बाई. आत तो कुणाला कळतच नव्हता.

म्हणून आम्ही आधी या थकलेल्या पेशी औषधाने काढायच्या आणि मग दाब द्यायचा, असं करून पाहिलं. उंदराला काही दिवसांच्या अंतराने दोनदा एक रंग टोचतो; नवं हाड जिथे धरतं तिथे तो बसतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या हिरव्या रेघा चमकतात. गेल्या मंगळवारी एका म्हाताऱ्या उंदराच्या नडगीचा काप मी भिंगाखाली धरला, तर दोन रेघा होत्या, एकीपासून दुसरी सुटी, मधे नवं हाड. मी खुर्ची मागे सारून उभी राहिले. सगळ्याच उंदरांत असं दिसलेलं नाही, आणि माणसांपर्यंत पोचायला वेळ लागेल. पण पोचेल. मी सहसा असं ठामपणे बोलत नाही, माझ्या हाताखालच्या मुली उलट हसतात माझ्या 'कदाचित'ला. यात मात्र मला शंका नाही. एक दिवस तुमच्या वयाच्या बायका आधी औषध घेतील, मग जिना चढतील, आणि त्यांचं चढणं त्यांच्या हाडांना कळेल.

एवढं लिहून झाल्यावर वाटलं, हे पत्र तुमच्या भाचीला द्यावं. शेवटी तुमचं सगळं तिनेच केलं. ती आता पालेगावला नव्या बिल्डिंगमध्ये राहते, माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. पण तुम्ही हॉस्पिटलमध्ये असताना बाहेरच्या बाकावर तिने मला विचारलं होतं, "या वयात एवढं वजन उचलायला मावशीला कुणी सांगितलं, काही कळत नाही. तुला काही बोलली होती का?" मी म्हणाले, नाही. ती अजूनही दर दिवाळीला मला फराळाचा डबा पाठवते, आणि मी तो घेते.