हिरवी स्क्रीन

मंगळवार, ब्राउनश्वाइग, जर्मनी

डोकं फिरलंय. डावा हात लुळा पडल्यापासून सासरे मी बनवलेल्या प्रोग्रॅमसमोर व्यायाम करतात. हात पुरेसा वर गेला की कॅमेऱ्याला कळतं, स्क्रीन हिरवी होते, नाहीतर लाल. आठवडाभर रोज हिरवी. मग जॅकेट चढवताना बाबांचा तोच हात मला उचलून का धरावा लागतो?

आज इन्स्टिट्यूटमधून लवकर आले, तर बाबा सोफ्यावर बसलेले आणि कॅमेऱ्यासमोर सासूबाई हात वर करतायत. स्क्रीन हिरवीगार.

"अहो आई, हे काय?"

"अगं, लाल झाली की ते जेवत नाहीत."

चिडूनच लॅपटॉप उघडला. हात कोणाचा, हे प्रोग्रॅमला शिकवता येईल. पण लाल रंग घालायची अक्कल माझीच ना? आधी तो काढते.