भरलेल्या बरणीची विल्हेवाट

मी खाली सही करणारी, धंद्याने पुस्तकबांधणी करणारी, धर्माने ख्रिस्ती, नात्याने विधवा, आई, सासू आणि मोठी बहीण, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. देताना म्हणाले, "बाई, बाकी सगळं ठीक आहे, फक्त हृदय थकलंय." मला त्याचे नवल वाटले नाही. हा कागद राजीखुशीने लिहीत आहे असे म्हणायची रीत आहे. मी राजी आहे, खुशी मात्र नाही. मला वीट आला आहे, आणि वीट आलेल्या माणसाचे मृत्युपत्रही कायद्याला चालते असे वकिलांनी सांगितले आहे.

प्रथम माझ्या देहाबद्दल. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या रीतीने मला पुरावे. प्रभूवर माझा विश्वास आहे आणि पुढे जे लिहिले आहे त्याने त्यात काही फरक पडत नाही. फक्त त्या दिवशी उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी माझ्या सोशिकपणाबद्दल चकार शब्द काढू नये आणि माझी बरणी शवपेटीवर ठेवू नये. ठेवलीच तर माझ्या धाकट्या बहिणीने ती सर्वांदेखत उचलून बाहेर न्यावी. तिला असल्या कामाची सवय आहे.

ही बरणी काय प्रकार आहे ते वकिलांना समजावताना माझा घसा कोरडा पडला, म्हणून येथे एकदाच लिहिते. आधीच्या पाळकांच्या बायकोने, म्हणजे जुन्या पाळकीणबाईंनी, महिला मंडळात एक रीत सुरू केली. प्रत्येक बाईला एक काचेची बरणी. घरात कोणी टाकून बोलले, राग आला आणि तो गिळला, की बरणीत एक खडा टाकायचा. वर्षाच्या शेवटी सगळ्या बरण्या देवळात आणायच्या आणि जी सर्वांत भरलेली असेल ती वेदीजवळच्या मेजावर ठेवायची, म्हणजे धीर या सद्गुणाचे सर्वांना दर्शन होते. पुरुषांना बरण्या दिल्या नाहीत. का नाही, असे कोणी विचारलेही नाही.

माझी बरणी पहिल्याच वर्षी गळ्यापर्यंत भरली. आमच्या ह्यांना जेवण वेळेवर मिळाले नाही तर ताट भिंतीवर जायचे आणि वेळेवर मिळाले तर पाणी गरम का, म्हणून तांब्या जायचा. मी भिंत पुसायचे, खडा टाकायचे. मेजावर माझी बरणी मांडली तेव्हा हे पहिल्या बाकावर असे फुलून बसले होते की जसे काही त्यांनाच बक्षीस लागले. बाहेर पडताना एकेकाला अडवून सांगत होते, "आमच्या हिच्यासारखी सोशिक बाई शोधून सापडायची नाही." बरणी भरली त्यांनी, कौतुक माझे झाले आणि मिरवले पुन्हा त्यांनीच. आज आठवले तरी तोंडाला कडू पाणी सुटते.

दुसऱ्या वर्षी माझी बहीण बाकावरून उठली, मेजावरची बरणी उचलली आणि ह्यांच्या मांडीवर आणून ठेवली. "भाऊजी, ही तुमची कमाई. सांभाळा," म्हणाली आणि चालती झाली. मंडळीत सर्वांचे एकमत झाले की धाकटीच्या अंगात धीर म्हणून नाही. मला त्या आठवड्यात दुसरी बरणी आणावी लागली.

आता मिळकतीकडे येते. राहते घर माझ्या वडिलांचे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि गच्चीवर जाणारा जिना. वडिलांनी मला धंदा शिकवला आणि घर माझ्या एकटीच्या नावे केले, तेव्हा यात कोणाचा वाटा निघत नाही. हे घर, दुकान, पुस्तके दाबायचा लोखंडी शिकंजा, कापणीचे यंत्र, सुया, दाभण, दोऱ्याची रिळे आणि घडी दाबायची हाडाची पट्टी, हे सर्व माझ्या मागे माझ्या सुनेचे. मुलाचे नव्हे. हे वाक्य मी वकिलांकडून दोनदा वाचून घेतले आहे.

कारण विचारले जाईल, तर तेही लिहिते. सुनेच्या हाताला शिवण आहे. ती पानांचे जुज, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, जेव्हा शिवते तेव्हा पुस्तक कोठेही उघडा, सपाट पडते. मुलगा बाहेर मधासारखा गोड आहे. ज्याला त्याला "काका, दादा" करतो. घरात पाऊल टाकले की बापाची खुर्ची, बापाचा आवाज. मागच्या महिन्यात त्याने हाक मारली ती यंत्राच्या आवाजात तिला ऐकू गेली नाही, म्हणून तिने आठवडाभर बसून शिवलेला गठ्ठा त्याने उचलून पाण्याच्या टाकीत टाकला. शाळेची पुस्तके होती, परक्याची. तिने गठ्ठा टाकीतून काढला. एकेक पान सोडवून टिपकागदात ठेवत बसली, आणि मी शेजारी बसून पाने उलटवत राहिले. ओल्या पानाला घाई केली तर ते फाटते.

दुसऱ्या दिवशी आताच्या पाळकीणबाई आल्या. त्यांच्या कानावर गेले होते. मला वाटले, मुलाला दोन शब्द सुनावायला आल्या असतील. त्यांनी पिशवीतून नवी कोरी बरणी काढली, सुनेच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "सासूबाईंसारखी भर हं." मी उठले. न्हाणीघरात जाऊन चूळ भरून आले. सून बरणी धरून तशीच उभी होती. "छान आहे काच," म्हणाली. दुसरे काय म्हणणार?

धीराला माझा विरोध नाही हे मंडळीने नीट वाचावे. माझा सगळा जन्म धीरावर चालला आहे. खळ लावलेले पुस्तक शिकंज्यात घालायचे, दाब द्यायचा आणि सुकेपर्यंत हात लावायचा नाही, याला मी धीर म्हणते. वरून काही दिसत नसते, पण आत कागदाला कागद धरत असतो. पाळकसाहेबच शिकवतात की धीर हे आत्म्याचे फळ आहे. फळ वाढते, पिकते, कोणाच्या तरी पोटात जाते. खडा टाकला की खडाच राहतो.

आणि पाळकसाहेबांचा स्वतःचा धीर मला ठाऊक आहे. व्यासपीठावरच्या मोठ्या पवित्र शास्त्राच्या पुस्तकाचा कणा तुटला तेव्हा ते माझ्याकडे आले. मी म्हटले, आठवडा लागेल. दोन दिवसांत चार निरोप. शनिवारी स्वतः येऊन उभे राहिले, "बाई, उद्या उपासना आहे, द्या आता." मी म्हटले, "साहेब, अजून ओलं आहे." ते म्हणाले, "देवाच्या कामाला उशीर नको." घेऊन गेले. तेव्हापासून ते पुस्तक वाकडे बसले आहे आणि मिटायला बघते. पाळकसाहेब धीरावर प्रवचन करतात ते डाव्या कोपराने पान दाबून धरून. मी समोर बसून तो कोपर बघत असते.

म्हणून माझ्या दोन्ही भरलेल्या बरण्या मी पाळकसाहेबांना व पाळकीणबाईंना ठेवते. देवळाच्या फाटकाशी जो खड्डा आहे, ज्यात दर रविवारी कोणाचा तरी पाय मुरगळतो आणि ज्याबाबत मंडळीने आजवर फार धीर धरला आहे, तो या खड्यांनी बुजवावा. बरण्या धुऊन शेजारच्या दवाखान्याला द्याव्यात. बायकांना देऊ नयेत.

मुलाला खिडकीजवळची हात असलेली खुर्ची. ती त्याच्या बापाची आहे आणि दोघांनीही तिच्यातून कधी उठून पाणी घेतलेले नाही. माझ्या मागे त्याने ती घेऊन

येथे लिहिणे तुटले. का तुटले ते नोंदवते, कारण पुढचे सर्व त्यामुळे बदलले आहे.

दुकानात मी, वकील आणि साक्षीला बोलावलेले दोघे, माझी बहीण व आम्हाला कागद पुरवणारे कागदवाले, असे बसलो होतो. आतून मुलाचा आवाज आला. सदऱ्याला इस्त्री नव्हती. भिंतीवर काहीतरी आपटले. मी उठून आत गेले. मुलगा खुर्चीत होता. इस्त्री जमिनीवर पडली होती आणि सून फडताळापुढे उभी राहून बरणीचे झाकण फिरवत होती. दुसऱ्या मुठीत खडा होता.

मी तिचा हात धरला. म्हटले, "टाकू नकोस."

ती हळूच म्हणाली, "राहू द्या ना आई. आता थोड्या दिवसांचाच तर प्रश्न आहे."

आणि तिने जीभ चावली. घर तिच्या नावे करणार हे मी तिला कालच सांगितले होते. डॉक्टर काय म्हणाले तेही तिला माहीत आहे. चांगली मुलगी आहे, माझ्या औषधाची वेळ कधी चुकवत नाही. आणि मी तिला कशाची वाट बघायला लावले होते, तर माझ्या मरणाची. मला तिचा राग आला नाही. किळस आली ती बाहेर मेजावर पडलेल्या या कागदाची. मोठ्या तोऱ्यात मी तिच्यासाठी तिसरी बरणी भरायला घेतली होती.

मी मुलाला म्हटले, "ऊठ."

"का?"

"ही खुर्ची तुझी. घेऊन जा. आजच."

तो हसला. मग माझ्याकडे नीट बघितले आणि म्हणाला, "आई, तू असं करशील? तू?" त्याचा विश्वासच बसत नव्हता, आणि मी त्याला दोष देत नाही. त्याने जन्मभर मेजावरची बरणीच बघितली होती. त्याच्या बायकोने मुठीतला खडा खिडकीतून बाहेर टाकला आणि त्याचे सदरे पिशवीत भरू लागली, इस्त्री न करता. तो उठला तशी खुर्चीला एका बाजूने माझ्या मागोमाग आत आलेल्या बहिणीने हात लावला, दुसऱ्या बाजूने कागदवाल्यांनी. रस्त्यावर नेऊन ठेवली. तो तिच्या शेजारी बराच वेळ उभा होता, बसला नाही.

सबब, घर व दुकानाबद्दल वर जे "माझ्या मागे" असे लिहिले आहे ते रद्द समजावे. ते आज, माझ्या हयातीत, बक्षीसपत्राने सुनेच्या नावे होत आहे. मी तिच्या घरात तिची सासू म्हणून राहीन, तिने ठेवले तर. वकील म्हणाले, "बाई, जरा धीर धरा, पुढच्या आठवड्यात करू." मी त्यांना सांगितले की तो शब्द आता माझ्यासमोर जपून वापरा आणि गाडी बोलवा, नोंदणीची कचेरी बंद व्हायच्या आत पोचायचे आहे.

मुलाबद्दल एवढेच. शास्त्रातल्या उधळ्या मुलाच्या बापाने वाट बघितली हे मला कोणी शिकवायला नको. पण त्या बापाची वाट बघणे मुलगा घराबाहेर पडल्यावर सुरू झाले. माझे आज सुरू होत आहे. त्याच्यासाठी रोज प्रार्थना करीन आणि सुकायला लागेल तेवढा वेळ देईन. तो हळू आवाजात बोलत आला तर दार उघडायचे की नाही हे त्याच्या बायकोने ठरवावे. मी तिला गळ घालणार नाही.

बहिणीला मी काही ठेवत नाही. साक्षीदाराला काही ठेवले तर ते कायद्याने टिकत नाही, आणि मला ती साक्षीला हवी आहे. हे सांगितल्यावर म्हणाली, "ताई, तू एकदा उठावंस आणि मी साक्षीला असावं, इतकी वर्षं मी तुझ्याकडून दुसरं काय मागत होते?"

सुनेची बरणी या मृत्युपत्रात येत नाही. ती तिने मघाशी घासून घेतली आणि तिच्यात उद्याची खळ कालवून ठेवली आहे.

येणेप्रमाणे वाचून, ऐकून, खोडलेल्या जागी पुन्हा सही करून दिले.

लिहून देणार: पुस्तकवाली बाई (सही)

साक्षीदार: तिची धाकटी बहीण, अंगात धीर नसलेली (सही)

साक्षीदार: कागदवाले (सही, खुर्ची उचलल्याने अक्षर वाकडे आले, सही त्यांचीच आहे)

ठिकाण: सुनेचे दुकान
तारीख: आजचीच