झाराच्या मुलाचं तुम्ही वर्गात कधी सांगितलं नाहीत

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. सिंगापूरला, सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी मी कुकर लावत होते आणि तुमची नात शाळेच्या प्रोजेक्टसाठी रशियाच्या झार पीटरवर वाचत बसली होती. मी कौतुकाने म्हटलं, "हा तुझ्या आजोबांचा लाडका राजा." तिने मान वर केली. "ग्रेट काय त्यात, आई? मुलगा पळून गेला, तर माफ करतो म्हणून परत आणला आणि चाबकाने मारलं. जेलमध्ये मेला तो. सो बॅड, लाह." इथल्या पोरांसारखं तीही वाक्याला 'लाह' जोडते.

तुम्ही आम्हाला शाळेत इतिहास शिकवायचात. वेश बदलून जहाजाच्या कारखान्यात राबणारा राजा, सरदारांच्या दाढ्या कापणारा, दलदलीवर शहर उभं करणारा. वर्ग श्वास रोखून ऐकायचा. मुलाबद्दल एक अक्षर नाही. आणि घरात? घरात तुम्ही देव्हारा काढून टाकलात, आईला सायकल शिकवलीत, नातेवाईक नावं ठेवत असताना मला इंजिनिअरिंगला पाठवलंत. ते सगळं मान्य. पण दादाने कॉलेज सोडून देवळातल्या भजनात पखवाज धरला, त्या दिवशीचं स्वयंपाकघर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही त्याला पाटावर बसवता, मानेवर रुळणारे त्याचे केस मुठीत धरता आणि आईच्या शिवणाच्या कात्रीने कापता. "माझ्या घरात हे मागासलेपण चालणार नाही." आई भाकरी थापायची थांबत नाही. दादा एवढा थोराड, पण हातसुद्धा वर करत नाही.

मला वाटलं, तुम्हाला त्या राजपुत्राचं सांगायला लाज वाटत असेल. त्याला काही ठाऊक आहे का, हे विचारायला मी दादाला फोन केला. तो हसला.

"मला माहीत आहे ते. अण्णांनीच सांगितलं."

"कधी?"

"घराबाहेर काढलं तेव्हा. तू हॉस्टेलला होतीस. म्हणाले, त्या राजाने पोराला जिवंत सोडलं नाही, मी नुसता हाकलतोय. उपकार समज."

उपकार! वर्गापुढे जे झाकलंत, ते पोटच्या पोराला धमकी म्हणून वापरलंत. त्यानंतर तुम्ही आजारी पडलात, तो दवाखान्याच्या दारापर्यंत आला, आणि तुम्ही तोंड भिंतीकडे फिरवलंत. मी तेव्हा तुमच्या उशाशी होते. औषधाची गुंगी असेल, अशी मी त्याची समजूत काढली. गुंगी नव्हती, अण्णा. तुम्ही पुरते शुद्धीवर होतात. कसली सुधारणा ही, जिच्यात स्वतःच्या मुलाला जागा नाही?

दादा म्हणतो, "जाऊ दे गं, माणूस गेला, विषय संपला." त्याला जमतं. संध्याकाळी तो गावातल्या पोरांना पखवाज शिकवतो आणि शांत झोपतो.

हे पत्र कुठे पाठवणार मी? पण खरं सांगू, मला जाऊ द्यायचंच नाही. हा राग सोडला, तर तुमच्याशी बोलायला माझ्याकडे दुसरं काही उरत नाही.