सोमवारचं गाठोडं

प्रिय भांडकुदळे,

गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. बाकीची चौकशी नंतर. आज डोकं इतकं फिरलंय की कुणावर तरी ओरडल्याशिवाय घास घशाखाली उतरणार नाही, आणि मठात ओरडायची सोय नाही. म्हणून तुला लिहितेय.

तुझ्या वेळी इथे एकतीस जणी होतो. आता सात उरलोय, त्यातल्या चौघी काठी टेकत चालतात. झगा जरा आखूड करा म्हणून आपण मदरशी किती हुज्जत घातली होती! आणि गेल्या वर्षी आलेल्या धाकट्या सिस्टरने घोट्यापर्यंतचा झगा मागून घेतला. आम्ही म्हाताऱ्या साध्या कपड्यांत, आणि ही पंचविशीतली पोर नखशिखान्त सिस्टर! मला वाटलं, चला, गरीब गाय आली. कसली गाय न् कसलं काय!

सोमवारी फादरांच्या घरून येणारं गाठोडं तू कसं विसरशील? वर वेदीची वस्त्रं, खाली फादरांचे मोजे, बनियन, चादरी. वेदीची वस्त्रं आपण जिवापाड जपून धुवायचो, त्यांचं पहिलं पाणी मोरीत न टाकता झाडाच्या मुळाशी ओतायचो. पण मोज्यांसाठी कुणी व्रत घेतलं होतं गं? धाकटी दवाखान्यात आठ तास नर्सचं काम करून येते आणि आल्या आल्या इस्त्रीला उभी राहते. मागच्या सोमवारी तिने वेदीची वस्त्रं तेवढी धुतली आणि उरलेलं गाठोडं परत पाठवलं. वर चिठ्ठी, की प्रभूचं आम्ही धुऊ, फादरांचं फादरांनी धुवावं, त्यांच्या घरी मशीन आहे.

मी पोट धरून हसले. मग फादर तणतणत आले. तिशीतला माणूस, मला, सदुसष्ट वर्षांच्या बाईला, नम्रता शिकवून गेला! आणि आमच्या मदर नंदीबैलासारख्या मान डोलवत होत्या. त्या माणसाला दाराबाहेर काढावंसं वाटलं मला, आणि मी चहा विचारला. स्वतःचीच चीड आली.

आज सकाळी मदरनी कागद पुढे सरकवला. धाकटीने आज्ञाभंग केला, तिला घरी पाठवावे. दोन सह्या झाल्या होत्या, सल्लागार म्हणून तिसरी माझी हवी होती. तिन्ही असल्याशिवाय कुणाला काढता येत नाही, हा आपला जुना नियम. मी सही केली नाही. तोंडाला येईल ते बोलले. धाकटी राहतेय. पण मदरही काही कमी नाहीत. त्यांनी कपाटातून जुनी फाइल काढली आणि गोड आवाजात विचारलं, की मागे एकदा तर तुम्ही सही केली होतीत?

अडतीस वर्षं तू प्रत्येक पत्रात लिहितेस, 'सगळा मठ उलटला तेव्हा तू एकटी माझ्या बाजूने होतीस.' नव्हते गं. तुझ्या कागदावरची तिसरी सही माझी आहे. नुकतंच सल्लागार केलं होतं मला, तेव्हाच्या मदरच्या मर्जीतून उतरायची भीती वाटली. मी नाही म्हटलं असतं तर तू इथेच राहिली असतीस. आणि तू परत पाठवलेलं गाठोडं दुसऱ्या दिवशी मीच जाऊन आणलं, धुतलं, मोज्यांनासुद्धा इस्त्री केली. तुला संसार मिळाला, नातवंडं झाली, म्हणजे बरंच झालं, असं मी मनाला समजावत आले. पण तुला संसार नको होता. तुला इथे राहायचं होतं, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. फाइलमधून हे बाहेर पडायच्या आत माझ्या हातून तुला कळावं म्हणून हे पत्र. क्षमा केली असं मात्र लिहू नकोस, ते आम्ही इथे रोज म्हणतो. सरळ इथे ये आणि भांड माझ्याशी.

अजून म्हणू दिलंस तर तुझीच,
इस्त्रीवाली