मान ओढू दिली नाही

बाबा, तुम्हाला वाईट वाटलं तरी आज मी लिहिणार आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, पण आपल्या निर्मळ गावात अजून कुणी ना कुणी ऐकवतंच, "हाडवैद्याच्या पोरीनंच बापाला अडवलं, नाहीतर माडावरून पडलेला तो चालला असता." नसता चालला. मी तेव्हाही हेच म्हणत होते.

देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी मुंबईला नर्सिंग शिकत होते, सुट्टीला घरी आले होते. शेजारचा एक माणूस नारळ काढताना माडावरून पडला, आणि माणसांनी तुम्हाला बागेतून बोलावून आणलं. तुम्ही धोतर खोचून त्याच्याजवळ बसता नि म्हणता, "उठवून बसवा त्याला. मान ओढून देतो, सांजेला चालंल." मी त्याच्या तळपायाला पिन टोचते. तो माझ्याकडे बघत विचारतो, "टोचलीस का?" दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून मी सांगितलं, याला कुणी हलवायचं नाही, मानेचं हाड मोडलंय.

"चार बुकं शिकलीस नि बापाला शिकवतेस? हो बाजूला, बाय."

नाही झाले. अख्ख्या आळीसमोर नाही झाले. त्याच्याच घराचं दार बिजागऱ्यांतून काढायला लावलं, चौघांना एका दमात उचलायला लावलं. बैलगाडीत हादरे बसतील म्हणून दवाखान्यापर्यंत पायी नेलं, आणि मी डोक्याशी चालत होते, हात न सोडता. त्यानंतर वर्षभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. शेकडो मनगटं, खांदे तुम्ही बसवलेत, ते मी कधी नाकारलं नाही. पण मान म्हणजे खांदा नव्हे, बाबा. ती ओढली असती तर त्याचे हातही गेले असते, कदाचित जीवही. त्याच हातांनी तो पुढं वीस वर्षं अंगणात बसून फुलांचे हार करत होता. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा अडवीन तुम्हाला.

तुम्ही होतात तेव्हा एक गोष्ट मात्र सांगितली नाही, आणि हा कागदही कुणाला दाखवणार नाही. तुम्ही येण्याआधी तो "पानी, पानी" म्हणत होता. मी त्याचं डोकं उचलून मांडीवर घेतलं आणि त्याला पाणी पाजलं. तोवर त्याचे पाय हलत होते का, ते मी पाहिलंच नव्हतं.