पावसाआधीचं पाणी

कराड, २२ मे २०२३

चि. वसीम यास,

सलाम. गुडघे सोडले तर मी ठीक आहे. तुझ्या बहिणीने पाठवलेलं लोणचं पोचलं. मीठ जास्त आहे, तिला सांग.

शनिवार, ६ मे, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तू वडूजच्या माळावर टँकरचा नळ सोडलास. मांडवात पाहुणे, समोर कॅमेरे, माझ्या मांडीवर गुच्छ. मी "थांब!" म्हणून ओरडले. तू म्हणालास, "अम्मी, लोकांसमोर नको."

माझ्या समीनाने लाकडाच्या पातळ सालपटांना पीळ देऊन, टोकाला बी बसवून केलेली कुसळं, पोतंभर होती, तू सगळीच पसरलीस. पाणी लागताच ती फिरायला लागली. "चक्रीगत फिरतंय की रं!" टँकरवाला आकाराम ओरडला. टाळ्या पडल्या. एकेक कुसळ आपलं बी घेऊन मातीत शिरलं.

लहानपणी समीना माझ्या सलवारीत अडकलेली गवताची कुसळं काढून परातीतल्या पाण्यात टाकायची आणि वळवळताना बघत बसायची. इंजिनिअर झाल्यावरही म्हणायची, "मी गवताची नक्कल केली, अम्मी. वीज नको, माणूस नको. पाऊस आला की आपलं आपण पेरलं जाईल."

पाऊस, वसीम. टँकर नव्हे.

आठवड्याने मी एकटी गेले. हिवराच्या झाडांचे कोंब सुईएवढे वर येऊन करपले होते. बी एकदाच उगवतं, हे मी पाचवीच्या वर्गाला शिकवत असे. पाचवीला कळायचं.

"समीनाचं नाव व्हावं म्हणून केलं," असं तू फोनवर म्हणालास. तिचं नाव कबरीवर आहे, तेवढं पुरे. शेवटी शेवटी सलाईनमुळे सुजलेल्या हाताने ती पीळ घालत होती. मी म्हटलं, "ठेव आता." म्हणाली, "जून बघायचाय." जानेवारीतच गेली. आता जून येईल. येऊन त्या माळावर करील काय?

माफी नको. एकच सांग. तिच्या चष्म्याच्या डबीत एक कुसळ ठेवलेलं होतं. ते आहे, की तेही पाहुण्यांना दाखवलंस? असलं तर त्याला पाणी लागू देऊ नकोस. रडायचं असेल तर दुसऱ्या खोलीत जा.

फोन केलास तर उचलणार नाही. लेखी उत्तर बुधवार, ७ जूनच्या आत, मृग लागण्याआधी, माझ्या हातात पडलं पाहिजे.

लेक नसली तरी तुझी सासूच,
जीनत