घर लूथरच्या नावे

मी, अहिल्या रवींद्र टिळेकर, वय एकोणनव्वद, राहणार लॅनर्ड, अलाबामा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. डोळे अधू झाले आहेत, डोकं नाही. इंग्रजी प्रत वकिलांकडे आहे; ही मराठी प्रत माझा मुलगा प्रसन्न याच्यासाठी.

१. राहतं घर, मागच्या अंगणासह, मी आमचे जुने शेजारी लूथर ग्रीअर यांना देते.

प्रसन्न, तू चँडलरहून फोनवर म्हणालास, "आई, ही इज नॉट फॅमिली." तुझा जन्म नंतरचा, म्हणून सांगते.

तुझे बाबा इथल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात गणित शिकवायला आले, म्हणून आपण त्यांच्याच वस्तीत राहिलो. शेजारी अर्नेस्टीन ग्रीअर. तिचा लूथर आणि तुझी बहीण मोना कायम बरोबर असत. एकदा दोघांना शहराच्या पोहण्याच्या तलावावर नेलं, तर फाटकावरचा माणूस म्हणाला, "तुमची मुलगी चालेल. तो मुलगा चालणार नाही."

मोना म्हणाली, "मग मीपण नाही."

चौसष्टच्या उन्हाळ्यात नव्या कायद्यामुळे गोऱ्या-काळ्या सगळ्यांनाच आत घ्यावं लागणार असं दिसताच नगरपालिकेने तलाव मातीने बुजवला. मुलं ओढ्यावर जाऊ लागली. तिथे मोना बुडाली. अकरा वर्षांच्या लूथरने तिला बाहेर ओढलं, खांद्यावर टाकून रस्त्यापर्यंत आणलं. गाड्या थांबेनात. थांबली ती पोलिसांची, आणि त्यांनी त्यालाच पकडून नेलं.

मी चौकीवर गेले तेव्हा त्याचा ओठ फाटलेला होता. मी म्हटलं, "याने माझ्या मुलीला बाहेर काढलंय. याला घेतल्याशिवाय मी जाणार नाही."

साहेब म्हणाला, "बाई, तुम्ही इथल्या नाही. तुम्हाला ही माणसं कळायची नाहीत."

माझी मुलगी शवागारात होती आणि मी चौकीतल्या बाकावर बसून होते. शेवटी कंटाळून त्यांनी त्याला सोडलं.

अर्नेस्टीनचं घर पुढे हायवेखाली गेलं. लूथर तेव्हापासून भाड्याच्या घरात राहतो.

२. बँकेतली बचत प्रसन्नची. शिवणयंत्र आणि पुरणयंत्र नात नीनाला. पुरण कसं करतात ते तिने यूट्यूबवर बघावं.

३. गेल्या वर्षी महापौर घरी आले. बुजवलेल्या तलावावरच्या हिरवळीवर मोनाच्या नावाचा बाक ठेवू म्हणाले. मी विचारलं, "तलाव परत खणणार का?" म्हणाले, "बजेट नाही, मॅम." माझ्या पश्चातही त्या बाकाला परवानगी नाही.

४. माझं दहन करावं. अस्थी भारतात नेऊ नयेत. तेव्हा इथे दहनाची सोय नव्हती आणि गोऱ्यांच्या दफनभूमीने मोनाला घेतलं नाही. अर्नेस्टीनने चर्चमागची, स्वतःसाठी राखलेली जागा तिला दिली, आणि पुढे तिला स्वतःला लांब कुंपणाशी पुरावं लागलं. माझ्या अस्थी मोनाजवळ पुराव्यात. लूथरला मी विचारलं आहे. तो म्हणाला, "मिस अहिल्या, खड्डा मी खणीन." तो बहात्तर वर्षांचा आहे, गुडघे गेले आहेत. वेळ लागेल. कोणी त्याच्या हातातून फावडं घेऊ नये.

सही: अहिल्या टिळेकर

काकूंनी हे आम्हाला वाचून दाखवलं आणि आमच्यासमोर सही केली.
साक्षीदार: सत्यजित पोंक्षे, आश्लेषा पोंक्षे
लॅनर्ड, अलाबामा. ९ मार्च २०२५